नव्या बास्केटबॉलपटूचे पहिले वीस सामने: त्यांतून काय कळते आणि काय कळत नाही

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी कूपर फ्लॅग हा अठरा वर्षांचा खेळाडू डॅलस मॅव्हरिक्सकडून एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील आपला पहिला सामना खेळला. त्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिला क्रमांक मिळाला होता, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. त्याने १० गुण केले, १० रिबाउंड (शॉट चुकल्यावर उसळलेला चेंडू ताब्यात घेणे) घेतले आणि त्याचा संघ मोठ्या फरकाने हरला. त्याच सामन्यात समोरच्या सॅन अँटोनियो स्पर्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामाने ४० गुण केले. हाच वेम्बान्यामा जुलै २०२३ मध्ये, नवोदितांसाठी भरणाऱ्या समर लीगमधील आपल्या पहिल्या सामन्यात १३ पैकी केवळ २ शॉट्स बास्केटमध्ये घालू शकला होता आणि ९ गुणांवर थांबला होता. दोनच दिवसांनी पुढच्या सामन्यात त्याने २७ गुण आणि १२ रिबाउंड नोंदवले.

दोन दिवसांत तो अर्थातच वेगळा खेळाडू झाला नव्हता. तरीही पहिल्या सामन्यावरून आणि दुसऱ्या सामन्यावरून काढलेली मते एकमेकांच्या अगदी विरुद्ध असणार, हे उघड आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस हंगाम सुरू झाला की ‘हा चमकला’, ‘तो फसला’ असे निर्णय दोन-तीन आठवड्यांत दिले जातात आणि नव्याने खेळ पाहू लागलेल्या माणसाला त्यातले कोणते गंभीरपणे घ्यावेत हे कळत नाही. माझे मत असे आहे की या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. हा खेळाडू आज या पातळीवर खेळायला तयार आहे का, हा एक प्रश्न. तो पुढे किती मोठा होईल, हा दुसरा. सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा, म्हणजे दर सामन्यातील सरासरी गुण, या दोन्हींपैकी एकाचेही नीट उत्तर देत नाही.

रुकी म्हणजे कोण, आणि निर्णयाची घाई कशासाठी?

लीगमधील आपला पहिला हंगाम खेळणाऱ्या खेळाडूला रुकी म्हणतात. बहुतेक रुकी ड्राफ्टमधून येतात. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी होणारी अशी निवड की जिच्यात लीगमधील ३० संघ ठरलेल्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, नवे खेळाडू निवडतात. खेळाडू त्या वर्षात १९ वर्षांचा होत असला पाहिजे, आणि तो अमेरिकेत शिकलेला असेल तर त्याच्या शालेय शिक्षणानंतर किमान एक वर्ष गेलेले असले पाहिजे. त्यामुळे वरच्या क्रमांकांवर निवडले जाणारे अनेक जण विद्यापीठाच्या संघात जेमतेम एक हंगाम खेळून आलेले असतात.

घाई केवळ प्रेक्षकांनाच असते असे नाही, ती संघांवरही लादलेली असते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असला तरी त्यातील पहिली दोनच वर्षे पक्की असतात. तिसरे आणि चौथे वर्ष देणे न देणे संघाच्या हातात असते. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, ऑक्टोबरअखेरपर्यंत, कळवावा लागतो. म्हणजे संघाच्या हाती जेमतेम एका हंगामाचा पुरावा असतो. तो पुरावा किती विरळ आहे, हे एका साध्या हिशेबावरून दिसेल.

चाळीस शॉट्सचा हिशेब

लांबून घेतल्या जाणाऱ्या तीन गुणांच्या शॉट्समध्ये संपूर्ण लीगची अचूकता अलीकडच्या हंगामांत ३६ टक्क्यांच्या आसपास असते. समजा, एका रुकीची खरी क्षमता नेमकी तेवढीच आहे आणि तो दर सामन्यात असे चार शॉट्स घेतो. दहा सामन्यांत त्याचे ४० शॉट्स होतील आणि त्यातील १४ किंवा १५ बास्केटमध्ये जातील, अशी अपेक्षा असेल. परंतु प्रत्येक शॉट वेगळा असल्यामुळे निव्वळ योगायोगाने हा आकडा बराच खाली-वर होतो. गणित केले तर असे दिसते की याच क्षमतेच्या दहा खेळाडूंपैकी साधारण एकाचे ४० पैकी १० किंवा त्याहून कमी शॉट्स यशस्वी होतील, आणि सहा-सात खेळाडूंपैकी एकाचे १८ किंवा त्याहून जास्त. पहिल्याची अचूकता २५ टक्के किंवा त्याखाली दिसेल आणि ‘याला शॉट येत नाही’ असे म्हटले जाईल. दुसऱ्याची ४५ टक्के किंवा त्याहून जास्त दिसेल आणि त्याच्या नावाचा जयघोष होईल. दोघेही मुळात सारखेच असतील.

पहिल्या फेरीत निवडलेले तीसही रुकी तंतोतंत एकाच क्षमतेचे असते, तरी पहिल्या दहा सामन्यांनंतर त्यांत तीन जण अपयशी आणि चार-पाच जण विलक्षण भासले असते. पूर्ण ८२ सामन्यांचा हंगाम संपला, शॉट्स सव्वातीनशेच्या पुढे गेले, तरी ३६ टक्क्यांचा खेळाडू ३१ ते ४१ टक्के या पट्ट्यात कुठेही दिसू शकतो.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातील सगळ्या शितांना सारखीच आच आणि सारखेच पाणी मिळालेले असते. रुकीच्या सामन्यांत तशी समानता मुळीच नसते. एका रात्री समोर लीगमधील सर्वोत्तम बचाव असतो, दुसऱ्या रात्री समोरच्या संघाचे दोन मुख्य खेळाडू जायबंदी असतात, तिसऱ्या सामन्यात प्रशिक्षक त्याला वेगळ्याच जागी खेळवतात. संख्या कमी असणे ही अडचण आहेच, पण परिस्थिती सतत बदलत राहणे ही तिच्याहून मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

सरासरी गुण कशामुळे फुगतात?

दर सामन्यातील गुणांचा आकडा चार गोष्टींतून तयार होतो: खेळाडूला किती मिनिटे मिळाली, त्या मिनिटांत चेंडू किती वेळा त्याच्याकडे आला, संघ किती वेगाने खेळतो, आणि मिळालेल्या संधींचे त्याने किती गुण केले. यांतील पहिल्या तीन गोष्टी प्रामुख्याने प्रशिक्षक आणि संघाची स्थिती ठरवते. खेळाडूचे कौशल्य सर्वांत स्पष्टपणे चौथ्या गोष्टीत दिसते.

ती मोजण्यासाठी ट्रू शूटिंग हे माप वापरतात. साधे दोन गुणांचे शॉट्स, तीन गुणांचे शॉट्स आणि फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलमुळे मिळणारे मोकळे शॉट्स) या सर्वांचा एकत्रित विचार करून, प्रत्येक संधीमागे खेळाडूने किती गुण मिळवले, हे ते सांगते. समजा, एका रुकीने २० शॉट्स आणि ४ फ्री थ्रो घेऊन २० गुण केले, तर त्याचे ट्रू शूटिंग ४६ टक्के येते. दुसऱ्याने ८ शॉट्स आणि २ फ्री थ्रोमध्ये १२ गुण केले, तर त्याचे ६८ टक्क्यांच्या जवळ जाते. अलीकडे लीगची सरासरी ५७-५८ टक्क्यांच्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत पहिल्याचे नाव येते, पण संघाचा जास्त फायदा दुसऱ्याने केलेला असतो. अर्थात दुसऱ्यालाही २० शॉट्स घ्यायला लावले तर त्याची अचूकता बहुधा घसरेल, कारण सोप्या संधी मोजक्याच असतात आणि पुढचे शॉट्स अधिक अवघड होत जातात. म्हणून अचूकता आणि जबाबदारी हे दोन आकडे नेहमी एकत्र वाचावेत.

२०१३ च्या ड्राफ्टमधील खेळाडूंची उदाहरणे या बाबतीत इतकी बोलकी आहेत की मला त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. अकराव्या क्रमांकावर निवडलेल्या मायकेल कार्टर-विल्यम्सने फिलाडेल्फियाकडून पहिल्याच सामन्यात, तेही तेव्हाच्या विजेत्या मायामी हीटविरुद्ध, २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ७ रिबाउंड आणि ९ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू) अशी कामगिरी केली. हंगामाअखेर त्याची सरासरी १६.७ गुण, ६.३ असिस्ट आणि ६.२ रिबाउंड होती आणि सर्वोत्तम रुकीचा पुरस्कार त्यालाच मिळाला. त्याच वर्षी पंधराव्या क्रमांकावर निवडलेल्या यानिस अँटेटोकुम्पोने मिलवॉकीसाठी सरासरी ६.८ गुण केले. सत्ताविसाव्या क्रमांकावरचा रुडी गोबेअर युटाकडून ४५ सामने खेळला आणि त्याची सरासरी होती २.३ गुण.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. कार्टर-विल्यम्सला फिलाडेल्फियाने दुसऱ्या हंगामाच्या मध्यातच दुसऱ्या संघाकडे दिले आणि १६.७ ची सरासरी त्याला नंतर कधीच गाठता आली नाही. यानिस २०१९ आणि २०२० मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये त्याने मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिले. गोबेअरला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चार वेळा मिळाला.

मागे वळून पाहताना सगळेच सोपे वाटते, हा आक्षेप इथे रास्त आहे. परंतु कार्टर-विल्यम्सच्या बाबतीत सावध करणाऱ्या खुणा त्याच हंगामाच्या आकड्यांत उघड होत्या. त्याचे केवळ ४०.५ टक्के शॉट्स यशस्वी झाले होते. तीन गुणांच्या शॉट्सचे प्रमाण २६.४ टक्के होते. फिलाडेल्फिया त्या वर्षी लीगमधील सर्वांत वेगाने खेळणारा संघ होता, त्यामुळे प्रत्येक सामन्यात चाली अधिक आणि म्हणून गुण, असिस्ट, रिबाउंड असे सगळेच आकडे अधिक. त्या संघाने ८२ पैकी १९ सामने जिंकले आणि सलग २६ सामने गमावले. अशा संघात चेंडू हाती ठेवण्यासाठी स्पर्धाच नव्हती. यात त्या खेळाडूचा दोष काहीच नाही. त्याला जे काम दिले गेले ते त्याने केले. ते आकडे वाचणाऱ्यांनी मात्र संधीच्या आकाराला कौशल्याचा आकार समजले.

मग लवकर कळणारे असे काही असते का?

असते. शॉट बास्केटमध्ये गेला की नाही, हे निकालाचे माप झाले आणि ते स्थिरावायला फार वेळ लागतो. खेळाडू कोणते शॉट्स निवडतो, कुठपर्यंत पोहोचू शकतो आणि समोरच्याला काय करायला भाग पाडतो, या गोष्टी बऱ्याच लवकर स्पष्ट होतात, कारण त्या प्रत्येक चालीत दिसतात आणि त्यांच्यात योगायोगाचा वाटा कमी असतो.

नेमबाजीपासून सुरुवात करू. फ्री थ्रो ४.५७ मीटरवरून, समोर कोणी बचावपटू नसताना घेतला जातो. त्यात हाताची मूळ लय दिसते. म्हणून ड्राफ्टपूर्वी खेळाडूची पारख करणारे लोक तरुण खेळाडूच्या तीन गुणांच्या अचूकतेबरोबर त्याच्या फ्री थ्रोचा आकडाही आवर्जून पाहतात, आणि लांबून शॉट्स घेण्याची त्याची तयारी किती आहे हेही तपासतात. विद्यापीठाच्या पुरुष सामन्यांत तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते. एनबीएमध्ये ती कोपरे सोडून ७.२४ मीटरवर जाते. पहिल्या महिन्यात २८ टक्के अचूकता असलेला, पण फ्री थ्रो ८५ टक्के घालणारा आणि न कचरता शॉट्स घेणारा रुकी मला ४० टक्के अचूकतेच्या, पण अगदी मोकळा असल्याशिवाय शॉट न घेणाऱ्या रुकीपेक्षा अधिक आश्वासक वाटतो.

दुसरी खूण म्हणजे बास्केटजवळ पोहोचण्याची क्षमता. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेत, समोरच्या बचावपटूला मागे टाकणे, बास्केटखाली जाणे आणि त्याला फाउल करायला भाग पाडणे हे शरीर आणि वेग यांवर अवलंबून असते. एखादा रुकी रोज रात्री सहज आत जात असेल आणि त्याचे शेवटचे शॉट्स चुकत असतील, तर त्याची अडचण सुटण्यासारखी आहे. ज्याला आतच जाता येत नाही आणि जो बचावपटूच्या हातावरून अवघड शॉट्स घालून गुण करतो, त्याचे गुण पुढे टिकतील याची खात्री कमी असते.

चेंडू गमावण्याकडेही थोडे बारकाईने पाहावे लागते. रुकीचे टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावण्याचे प्रसंग, जास्त असणे ही सामान्य गोष्ट आहे, परंतु सगळे टर्नओव्हर सारखे नसतात. योग्य जागी मोकळा असलेला सहकारी त्याला दिसला आणि पास अर्ध्या क्षणाने उशिरा गेला म्हणून चेंडू गेला, तर खेळ वाचण्याची त्याची दृष्टी बरोबर आहे. फक्त या पातळीवरच्या वेगाची सवय व्हायची आहे. दबाव येताच ड्रिबल सुटत असेल, तर कामच वेगळे आणि अधिक कठीण आहे. आकड्यांच्या तक्त्यात हे दोन्ही टर्नओव्हर सारखेच दिसतात.

बचाव: तयारीची खरी परीक्षा

आज तयार आहे का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः बचावात मिळते, असे मला ठामपणे वाटते. आक्रमणात नवख्या खेळाडूला एका कोपऱ्यात उभे करून त्याच्यावरचा भार हलका करता येतो. बचावात लपायला जागा नसते. समोरचा संघ जाणूनबुजून बचावात उभा असलेला रुकी शोधून काढतो, आपल्या उत्तम खेळाडूला त्याच्यासमोर आणतो आणि एकाच प्रकारची चाल पुन्हा पुन्हा करतो.

त्याला अडचण बहुधा वेगाची येत नाही, ती निर्णयाची येते. सहकारी मागे पडला की मदतीला केव्हा जायचे, गेल्यावर आपला माणूस कोणाकडे सोपवायचा, आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की किती लवकर परतायचे, हे सगळे शॉट घेण्यासाठी संघाला मिळणाऱ्या २४ सेकंदांत अनेकदा ठरवावे लागते. विद्यापीठात हा काळ ३० सेकंदांचा असतो. उशीर झाला की खेळाडू हाताने थांबवायला जातो आणि फाउल होतो. सहाव्या फाउलला सामन्याबाहेर जावे लागते. म्हणून नव्या उंच खेळाडूंच्या बाबतीत फाउलची संख्या हा तयारीचा एक प्रामाणिक निर्देशक आहे: महिनागणिक ती कमी होत असेल, तर तो शिकतो आहे.

खेळाडू मैदानावर असताना संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गुण जास्त किंवा कमी केले, याला प्लस-मायनस म्हणतात. अनेक जण बचावासाठी याच आकड्यावर विसंबतात, पण थोड्या सामन्यांपुरता तो जवळजवळ निरुपयोगी असतो. त्यात सोबतचे चार आणि समोरचे पाच असे नऊ जण मिसळलेले असतात. त्याऐवजी अटीतटीच्या सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षक त्या रुकीला मैदानावर ठेवतात का, हे पाहावे. रोजचा सराव पाहणाऱ्या माणसाचे मत त्या एका निर्णयात उतरलेले असते.

आज तयार असलेला आणि उद्या मोठा होणारा

हे दोघे अनेकदा वेगळे असतात आणि त्यांच्यातला फरक मुख्यतः वयाचा असतो. २०१७ मध्ये सर्वोत्तम रुकी ठरलेला माल्कम ब्रॉग्डन दुसऱ्या फेरीत, छत्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून चार हंगाम खेळून तो आला होता आणि त्या हंगामात त्याला २४ वे वर्ष पूर्ण झाले. त्याची सरासरी १०.२ गुणांची होती, पण चुका कमी, बचाव पक्का आणि तीन गुणांची अचूकता ४० टक्क्यांवर होती. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जेलन ब्राउन विद्यापीठात एकच वर्ष खेळला होता. बॉस्टनकडून पहिल्या हंगामात त्याची सरासरी ६.६ गुणांची राहिली. पुढे २०२४ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. ब्रॉग्डनला पुरस्कार देण्यात चूक झाली नाही, कारण तो पुरस्कार त्या वर्षीच्या खेळासाठी होता. चूक तेव्हा होते, जेव्हा त्या पुरस्कारावरून भविष्यकथन केले जाते.

एकोणिसाव्या आणि तेविसाव्या वर्षी सारखेच आकडे दिसले, तर एकोणिसाव्या वर्षाच्या आकड्यांना बरेच अधिक वजन द्यावे. शरीर भरायचे असते, उंचीही वाढायची असू शकते. यानिस तर ड्राफ्टनंतरही उंच होत गेला. मात्र वय कमी म्हणजे अनुभव कमी, असेही सरसकट धरू नये. लुका डॉन्चिच एकोणिसाव्या वर्षी आला तेव्हा तो रेआल माद्रिदकडून अनेक हंगाम प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध खेळलेला होता आणि २०१८ मध्ये युरोलीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला होता. पहिल्याच हंगामात त्याने सरासरी २१.२ गुण केले, यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे नव्हते.

‘पण मोठे खेळाडू पहिल्या दिवसापासूनच ओळखू येतात ना?’

काही येतात. लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने २५ गुण आणि ९ असिस्ट केले. १९८० च्या अंतिम मालिकेत निर्णायक सामन्यात रुकी असलेल्या मॅजिक जॉन्सनने ४२ गुण केले. अशी उदाहरणे खरी आहेत आणि त्यांतून एक उपयुक्त गोष्ट कळते: अगदी कमी वयात, मोठी जबाबदारी घेऊन, खेळाच्या अनेक अंगांत उत्तम कामगिरी दिसली, तर ती बहुधा खरी असते, कारण इतक्या गोष्टी एकाच वेळी योगायोगाने जुळत नाहीत.

याच्या उलट विधान मात्र तितके खरे नाही. सुरुवात फिकी असणे हा अपयशाचा भक्कम पुरावा ठरत नाही. कोबी ब्रायंटची पहिल्या हंगामातील सरासरी ७.६ गुणांची होती. मात्र अशा नावांचा आधार घेऊन प्रत्येक मंद सुरुवातीचे समर्थन करणेही चुकीचे आहे. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अँथनी बेनेटची सरासरी ४.२ गुणांची होती. त्याला सावरता आले नाही आणि चार हंगामांत तो चार संघांकडून खेळला. यानिसचे ६.८ आणि बेनेटचे ४.२ यांच्यातील खरा फरक गुणांत नव्हता. यानिस १९ वर्षांचा होता, ७७ सामने खेळला, दर सामन्यात त्याला २४ मिनिटांहून अधिक वेळ दिला गेला आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणे), रिबाउंड, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव यांत त्याचे वेगळेपण रोज दिसत होते. बेनेट शॉट्सही घालत नव्हता आणि इतर कोणत्या अंगातही त्याचा ठसा उमटत नव्हता.

समर लीगला किती किंमत द्यावी?

थोडी. तिथे बहुतेक खेळाडू रुकी, दुसऱ्या वर्षाचे किंवा करार मिळवण्यासाठी धडपडणारे असतात, संघांना एकत्र सराव फारच कमी मिळालेला असतो आणि बचाव सैल असतो. २०१२ मध्ये लास वेगासच्या समर लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी यांना विभागून मिळाला. लिलार्ड लीगमधील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक झाला. सेल्बीची एनबीए कारकीर्द २०१३ मध्येच संपली.

खेळायलाच न मिळालेल्या रुकीचे काय?

बाकावर बसलेल्या रुकीविषयी जवळजवळ काहीच म्हणता येत नाही आणि इथे संघांची स्वतःची यंत्रणा कामी येते. एनबीएच्या खालोखाल ‘जी लीग’ (G League) नावाची स्पर्धा चालते, आणि कमी संधी मिळणाऱ्या नवोदितांना तिथे पाठवले जाते. ही शिक्षा आहे असा समज अजूनही आढळतो, पण तो बरोबर नाही. विद्यापीठाचा संघ एका हंगामात तीस-पस्तीस सामने खेळतो. एनबीएमध्ये सहा महिन्यांहून कमी काळात ८२ खेळावे लागतात. जो खेळाडू या ८२ पैकी बहुतेक सामने बसून पाहतो, त्याच्या चुका दिसत नाहीत आणि सुधारतही नाहीत.

टोरांटोने २०१६ मध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावर निवडलेल्या पास्कल सियाकमला सुरुवातीला मुख्य पाच जणांत खेळवले, पण त्याची जागा टिकली नाही. त्याला याच खालच्या लीगमधील रॅप्टर्स ९०५ या संघाकडे पाठवले गेले. तिथे त्याच्या हाती चेंडू जास्त वेळ राहिला, तो संघ २०१७ मध्ये विजेता ठरला आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू तोच होता. एनबीएमधील त्याची त्या हंगामातील सरासरी मात्र ४.२ गुण एवढीच नोंदली गेली, म्हणजे बेनेटच्या पहिल्या हंगामाइतकीच. दोन वर्षांनी, २०१९ च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात, त्याने १७ पैकी १४ शॉट्स बास्केटमध्ये घालून ३२ गुण केले आणि टोरांटोने ती मालिका जिंकली. खालच्या लीगमधील आकडे वाचताना गुणांना एनबीएच्या गुणांइतके मोल देऊ नये, कारण समोरचा बचाव दुबळा असतो. तिथे त्याला कोणती नवी कामे करायला दिली गेली आणि एनबीएमध्ये परतल्यावर त्यांतली किती कामे प्रशिक्षकांनी त्याच्याकडेच ठेवली, एवढे पाहावे.